कनिष्ठ न्यायाधीशाचे स्वातंत्र्य: परीक्षा देणाऱ्यांसाठी अनुभवाचे चार शब्द

दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर व प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी या पदाची तयारी करणारे उमेदवार न्यायव्यवस्थेच्या स्वातंत्र्याचा अभ्यास केशवानंद भारती खटला (संविधानाच्या मूलभूत चौकटीचा निकाल) आणि कॉलेजियम (वरिष्ठ न्यायमूर्तींनी न्यायाधीश निवडण्याची पद्धत) यांपासून सुरू करतात व बहुधा तेथेच थांबतात. तालुका न्यायालयात काम केल्यावर माझे मत असे झाले की त्यांनी आधी संविधानाचे कनिष्ठ न्यायालयांविषयीचे अनुच्छेद 233 ते 237 वाचावेत. परीक्षा महाराष्ट्र लोकसेवा आयोगामार्फत होते, नेमणूक राज्यपालांकडून होते आणि पगार राज्याच्या तिजोरीतून मिळतो. परंतु पदस्थापना, बढती आणि रजा यांवरील नियंत्रण अनुच्छेद 235 ने उच्च न्यायालयाकडे दिले आहे, त्यामुळे एखाद्या आदेशावर पालकमंत्री कितीही नाराज झाले तरी ते न्यायाधीशाची बदली करू शकत नाहीत. हे नियंत्रण उच्च न्यायालयाने स्वतःच वापरायचे असते. पंजाबमध्ये परिवीक्षाधीन (अजून कायम न झालेल्या) न्यायाधीशाची चौकशी उच्च न्यायालयाने सरकारच्या दक्षता विभागाकडे सोपवली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने 1974 मध्ये शमशेर सिंग प्रकरणात त्यावर कडक टीका केली. हा निकाल मूळातून वाचावा.

रोजच्या कामात या स्वातंत्र्याचा कस लागतो तो रिमांडच्या, म्हणजे अटक केलेल्या आरोपीला कोठडीत ठेवायचे की नाही हे ठरवण्याच्या वेळी. अटकेपासून 24 तासांत, प्रवासाचा वेळ वगळून, आरोपीला हजर करावे लागते, म्हणून सुट्टीच्या दिवशीही पोलीस निवासस्थानी येतात. तपास अधिकारी नेहमीच्या ओळखीचा असतो, गुन्हा गावात गाजत असतो, आणि मागितलेली पोलीस कोठडी तशीच मंजूर करणे सर्वांत सोपे असते. अशा वेळी केस डायरी (पोलिसांची तपासाची रोजची नोंदवही) स्वतः वाचावी, पोलिसांना जरा बाजूला थांबवून आरोपीला मारहाणीबद्दल विचारावे, आणि कोठडी का हवी याची कारणे आपल्या शब्दांत लिहावीत. सर्वोच्च न्यायालयाच्या अर्नेश कुमार निकालाने (2014) सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत कारणे न नोंदवता कोठडी देणाऱ्या दंडाधिकाऱ्यावर विभागीय कारवाईची तरतूद केली आहे. तरीही छापील साच्यातले रिमांड आदेश अजून दिसतात, हे खेदाने नमूद करावे लागते.

पोलिसांशी संबंध सौजन्याचे असावेत, पण त्यांत अंतर हवे. 1989 मध्ये गुजरातमधील नडियादच्या मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांना पोलिसांनी मारहाण करून हातकड्या घातल्या व दोरीने बांधले. सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये संबंधित पोलिसांना न्यायालयाच्या अवमानाबद्दल शिक्षा दिली आणि न्यायिक अधिकाऱ्याच्या अटकेबाबत मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. त्यांतील एक असे की दंडाधिकाऱ्याने जिल्हा न्यायाधीशांना कळवल्याखेरीज पोलीस ठाण्यात जाऊ नये.

दबाव बाहेरूनच येतो असे मात्र समजू नये. निकाली प्रकरणांची युनिट्स (कामाच्या मोजणीचे गुण), वार्षिक गोपनीय अहवाल आणि निनावी तक्रारी यांचे ओझे नव्या न्यायाधीशाला मंत्र्यांच्या फोनपेक्षा अधिक जाणवते. जामीन दिला की तक्रार होते, नाकारला तर सहसा कोणी विचारत नाही. त्यामुळे भित्रा न्यायाधीश हळूहळू नाकारण्याकडे झुकतो. ईश्वरचंद जैन प्रकरणात (1988) सर्वोच्च न्यायालयाने निराधार तक्रारींपासून कनिष्ठ न्यायाधीशांचे रक्षण करणे हे उच्च न्यायालयाचे कर्तव्य मानले आहे, परंतु त्या रक्षणाचा आधार शेवटी रोजनामा (प्रकरणात रोज काय झाले याची न्यायालयीन नोंद) आणि आदेशातील कारणे हाच असतो. रोजनामा त्याच दिवशी, तारीख का दिली यासह, पूर्ण करावा.

सर्वोच्च न्यायालयाने 20 मे 2025 रोजी या पदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा लागू करण्यास सांगितले. ही वकिली शक्यतो तालुक्याच्या फौजदारी न्यायालयात करावी आणि रिमांडचे युक्तिवाद दोन्ही बाजूंनी लक्षपूर्वक ऐकावेत. आरोपीच्या वकिलाला केस डायरी पाहता येत नाही, न्यायाधीशाला येते. हा फरक लक्षात ठेवून सहायक सरकारी अभियोक्त्यांकडून तपासाची कागदपत्रे कशी वाचतात हे आधीच शिकून घेतले, तर पहिल्या रिमांडला हात थरथरत नाही.