अँटिबायोटिक घ्यायच्या आधी बोंडअळी आठवा

जळगाव-धुळ्याच्या माणसाला बोंडअळी समजावून सांगावी लागत नाही. बीटी कपाशी, म्हणजे झाडातच अळीचं विष असलेली, २००२ ला आली, सुरुवातीला बोंडं कशी टंच, फवारणीचा खर्च पण कमी, आणि २०१७ ला बोंड फोडलं की आत गुलाबी अळी निवांत बसलेली. बियाणं बीटीच होतं, अळी बदलली होती. झाडातल्या विषाने बाकीच्या मेल्या, तग धरणाऱ्या दोन-चार वाचल्या आणि मग शेतभर त्यांचीच पिलावळ. आपण पण काय कमी नाही भो, सोबत मिळायची ती नॉन-बीटीची पुडी, साध्या अळ्या पण जगाव्या म्हणून बांधाकडेला लावायची सोडून फेकून दिली, वरून फरदड ठेवली, म्हणजे हंगाम संपला तरी कपाशी उपटली नाही.

अंगातल्या जंतूंचं सेम हेच, फक्त अळीच्या पिढीला महिनाभर लागतो आणि लघवीच्या इन्फेक्शनवाला ई. कोलाय लॅबमध्ये २० मिनिटांत एकाचे दोन होतो. पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंगने १९४५ च्या नोबेल भाषणातच सांगितलेलं, पेनिसिलिनचा डोस कमी पडला की जंतू पक्के होतील.

म्हणून साध्या सर्दीला अँटिबायोटिक मागू नका, ती व्हायरसची असते, गोळी त्याला काहीच करत नाही, पोटातले जंतू मात्र फुकट त्या गोळीला पक्के होतात. स्ट्रिपवर लाल रेघ दिसली तर चिठ्ठीशिवाय घ्यायची नाही. किती दिवस घ्यायची ते डॉक्टर ठरवतील, मनाने बंद नाही आणि मनाने वाढवायची पण नाही.

लघवीचं इन्फेक्शन परत परत होत असेल तर कल्चर करायला सांगतात, म्हणजे लघवीतले जंतू लॅबमध्ये वाढवून कोणतं औषध लागू पडतं ते बघतात, ते नीट करा. सॅम्पल गोळी सुरू करायच्या आधी द्यायचं, नाहीतर जंतू बऱ्याचदा उगवत नाहीत आणि पैसे वाया. डबी लॅबचीच घ्या, घरची धुतलेली बाटली नको, पहिली धार सोडून मधली घ्यायची आणि लगेच पोचवायची. रिपोर्टला दोन-तीन दिवस लागतात. त्यात औषधांची यादी असते, पुढे एस म्हणजे लागू पडेल, आर म्हणजे जंतू त्याला दाद देत नाही. एस दिसलं म्हणून स्वतःच मेडिकल गाठू नका, किडनी, वय, गरोदरपण बघून डॉक्टर निवडतात.

आमच्या आत्याने दोनदा मेडिकलवरून गोळ्या आणल्या, तीन दिवसांत बरं वाटलं की उरलेल्या मिसळणीच्या डब्याशेजारी ठेवून दिल्या, पुढच्या वेळी त्याच. तिसऱ्या वेळी कल्चर केलं. डब्याशेजारच्या त्या गोळीपुढे आर.