दुपारच्या सावलीचा हिशेब : नाशिकच्या गच्चीवर करण्याजोगा एक प्रयोग

दुपारी बारा वाजता सूर्य बरोबर डोक्यावर येतो, हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकलेले आणि बोललेले असते की ते तपासून पाहावे असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. ते तपासण्यासाठी दुर्बीण लागत नाही, प्रयोगशाळा लागत नाही. घरची गच्ची, एक स्टूल, पुठ्ठा, दोरा आणि एक मोकळी दुपार एवढ्यावर काम भागते. हाच प्रयोग थोडा पुढे नेला तर पृथ्वीचा घेरही काढता येतो. नाशिककरांसाठी सर्वांत चांगला मुहूर्त म्हणजे २० मेच्या आसपासचे दोन-तीन दिवस. मुलांना सुट्टी असते, आकाश बहुधा स्वच्छ असते आणि सूर्यही त्या दिवसांत आपल्या शहराच्या बाबतीत एक विशेष गोष्ट करतो.

पहिली पायरी गच्चीवरची नाही, कागदावरची आहे आणि ती गाळू नये. घरातील प्रत्येकाने चार प्रश्नांची उत्तरे लिहून खाली सही करावी. २० मे रोजी घड्याळात किती वाजता सावली सर्वांत आखूड होईल? त्या क्षणी ती कोणत्या दिशेला पडेल? वर्षातील किती दिवस भरदुपारी सावली पायाखाली नाहीशी होते? आणि २१ जूनला, म्हणजे सर्वांत मोठ्या दिवशी, दुपारची सावली कोणीकडे वळलेली असेल? मे महिन्यात गच्चीवर कुरडया-पापडांचे वाळवण घालणाऱ्या घरात पाण्याच्या टाकीची सावली केव्हा कुठे सरकते हे कोणाला तरी नेमके ठाऊक असते. विचारण्याची सुरुवात त्यांच्यापासून करावी, कारण पुस्तकी उत्तरापेक्षा त्यांचे उत्तर अनेकदा सरस ठरते.

अंदाज लिहून घेण्याचा आग्रह धरण्यामागे मानवी स्वभावाचे एक कारण आहे. येल विद्यापीठातील लिओनिड रोझेनब्लिट आणि फ्रँक काइल या संशोधकांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना साध्या यंत्रांविषयी, उदाहरणार्थ कपड्याच्या चेनविषयी, आपल्याला किती समजते ते आधी अजमावायला सांगितले आणि मग ती वस्तू कशी चालते हे पायरीपायरीने लिहायला लावले. लिहू लागल्यावर लोकांनी स्वतःला दिलेले गुण आपोआप खाली आले. त्याआधी, १९९४ साली, जॉर्ज लोवेन्स्टाइन या संशोधकाने मांडले होते की, आपल्याला जे माहीत आहे आणि जे माहीत करून घ्यायचे आहे, यांतील अंतर जाणवले की कुतूहल जागे होते. ही दोन निरीक्षणे एकत्र ठेवली तर आपली अडचण कळते : ज्याला सगळे समजल्यासारखे वाटते, त्याला ते अंतर दिसतच नाही. तोंडी अंदाज नंतर सोयीने बदलता येतो, सही केलेला बदलता येत नाही.

आता मांडणी. बहुतेक ठिकाणी उभ्या काठीची सावली मोजायला सांगतात. माझ्या मते ती पद्धत टाळावी. सूर्य हा बिंदू नसून आकाशात सुमारे अर्धा अंश रुंदीची तबकडी आहे. त्यामुळे काठीच्या सावलीचे टोक पुसट येते आणि ते कुठे संपते यावर घरात वाद होतात. त्याऐवजी सुमारे ५० सेंटीमीटर उंचीच्या स्टुलाच्या कडेवर जाड पुठ्ठ्याचा तळहाताएवढा तुकडा आडवा चिकटवावा, त्याचा बराचसा भाग बाहेर राहू द्यावा आणि त्या भागात दोन-तीन मिलिमीटरचे गोल छिद्र पाडावे. पुठ्ठ्याच्या सावलीत आता प्रकाशाचा एक लहान ठिपका पडेल. हा ठिपका छिद्राची नुसती आकृती नसतो, तर मुख्यतः सूर्याची प्रतिमा असते; म्हणूनच छिद्र थोडे चौकोनी झाले तरी ठिपका जवळजवळ गोलच राहतो. त्याचा मध्य अचूक ठरवता येतो आणि सगळी मोजमापे त्या मध्यापासून करावीत.

गच्चीची फरशी सपाट दिसली तरी पावसाचे पाणी वाहून जावे म्हणून तिला उतार दिलेला असतो. मीटरला एक सेंटीमीटर एवढा उतारसुद्धा आपल्या कोनात अर्ध्या अंशाहून अधिक चूक आणू शकतो. म्हणून छिद्राखाली कॅरम बोर्ड उलटा ठेवून त्यावर कागद चिकटवावा आणि गवंड्याची लेव्हल लावून, कडांखाली पुठ्ठ्याच्या घड्या सारत, तो दोन्ही दिशांनी समपातळीत आणावा. नंतर छिद्रातून दोरा सोडून त्याला एक नट बांधावा आणि हा ओळंबा स्थिर झाला की त्याच्या बरोबर खालची खूण कागदावर करावी. ही मूळ खूण. छिद्रापासून खुणेपर्यंतची उंची तेव्हाच मोजून ठेवावी; पुढील आकडे ती ५० सेंटीमीटर आहे असे धरून दिले आहेत. दिवसभर स्टुलाला कोणाचा धक्का लागणार नाही, याची काळजी मात्र घ्यावी लागते.

मूळ खुणेभोवती १५ सेंटीमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढावे आणि अकरा वाजण्यापूर्वीच गच्चीवर हजर राहावे. सूर्याकडे डोळ्यांनी पाहू नये, छिद्रातूनही नाही. ठिपका सकाळी पश्चिमेकडून वर्तुळात शिरतो आणि दुपारी पूर्वेकडून बाहेर पडतो. या दोन्ही जागा पेन्सिलीने नोंदवाव्यात. त्या जोडणाऱ्या रेषेला तिच्या मध्यातून लंब काढला की खरी उत्तर-दक्षिण रेषा मिळते. दिशा ठरवण्याची ही रीत आपल्याकडे जुनीच आहे. सूर्यसिद्धान्त या जुन्या ज्योतिषग्रंथाच्या त्रिप्रश्नाधिकार नावाच्या अध्यायात शंकू (सावली मोजण्याची उभी खुंटी) आणि वर्तुळाच्या साहाय्याने ती दिलेली आहे. मधल्या वेळात दर पाच मिनिटांनी ठिपक्याचा मध्य वेळेसह नोंदवत राहावे. या काळात कागदाजवळ डोळे नेऊन थोडे थांबले तर ठिपका सरकताना प्रत्यक्ष दिसतो. मिनिटाला सुमारे दोन मिलिमीटर असा त्याचा वेग असतो आणि तीन-चार मिनिटांत तो स्वतःच्या रुंदीइतकी जागा मागे टाकतो. पृथ्वी फिरते हे आपण पाठ केलेले असते. हे फिरणे असे समोर घडताना पाहिलेले असतेच असे नाही.

२० मेच्या सुमारास हा ठिपका मूळ खुणेवरून, किंवा अगदी तिच्या शेजारून, जातो. घड्याळात तेव्हा सुमारे १२ वाजून ३१ मिनिटे झालेली असतात. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे आणि नाशिक ७३.८ अंशांवर, म्हणजे जवळजवळ पावणेनऊ अंश पश्चिमेला. प्रत्येक अंशाला चार मिनिटे या हिशेबाने आपली मध्यान्ह सुमारे ३५ मिनिटे उशिरा येते. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि तिचा आस कललेला असल्यामुळे या वेळेत वर्षभर फरक पडत राहतो : नोव्हेंबरच्या आरंभी ती १२ वाजून १८ मिनिटांपर्यंत अलीकडे येते आणि फेब्रुवारीच्या मध्यास १२ वाजून ४९ मिनिटांपर्यंत लांबते. नाशिकचा अक्षांश जवळजवळ बरोबर २० अंश उत्तर असल्याने सूर्य आपल्या माथ्यावर वर्षातून दोनदाच येतो. दुसरी वेळ जुलैच्या २३-२४ तारखेची, पण तेव्हा ढगांमुळे काही दिसण्याची आशा थोडीच. या दोन तारखांच्या मधल्या काळात मध्यान्हीचा सूर्य उत्तरेला सरकलेला असतो, त्यामुळे २१ जूनला ठिपका मूळ खुणेच्या दक्षिणेला सुमारे तीन सेंटीमीटरवर पडतो. चौथ्या प्रश्नावर बहुतेक घरांत वाद होतो तो यामुळेच.

हीच मांडणी विषुवदिनी, म्हणजे दिवस-रात्र समान असतात त्या दिवशी, केली तर ठिपका उत्तरेला सुमारे १८.२ सेंटीमीटरवर येईल आणि २२ डिसेंबरला ४७ सेंटीमीटरच्या थोडा पुढे, म्हणून तेव्हा कॅरम बोर्डाऐवजी लांब फळी घ्यावी. अंतराला उंचीने भागून कॅल्क्युलेटरवर टॅनचा व्यस्त (tan⁻¹ हे बटण) काढला की कोन मिळतो. विषुवदिनी तो कोन म्हणजेच आपला अक्षांश. पंचांगकर्ते याच मापाला पलभा म्हणतात : १२ अंगुळांच्या शंकूची विषुवदिनी पडणारी मध्यान्ह सावली, जी नाशिकसाठी सुमारे ४ अंगुळे २२ व्यंगुळे (व्यंगुळ म्हणजे अंगुळाचा साठावा भाग) भरते.

पृथ्वीच्या घेरासाठी दुसऱ्या गावातील एक विश्वासू सोबती लागतो. कोल्हापूर सोयीचे, कारण ते नाशिकच्या जवळजवळ थेट दक्षिणेला आहे. दोघांनी एकाच दिवशी आपापल्या मध्यान्हीचे माप घ्यावे. घड्याळे जुळवण्याची गरज नसते. नाशिकमध्ये ठिपका खुणेवर असतो त्या दिवशी कोल्हापुरात तो दक्षिणेला २.९ सेंटीमीटरवर असतो, म्हणजे कोन सुमारे ३.३ अंश, आणि दोन्ही शहरांमधील उत्तर-दक्षिण अंतर सुमारे ३६५ किलोमीटर. अंतराला ३६० ने गुणून कोनाने भागले की ४० हजार किलोमीटरच्या जवळचा आकडा येतो. इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात एराटोस्थेनिस या ग्रीक विद्वानाने इजिप्तमधील सायीन आणि अलेक्झांड्रिया या शहरांच्या बाबतीत हेच गणित मांडले होते. त्याला कोन वर्तुळाचा पन्नासावा भाग मिळाला आणि अंतर त्याने पाच हजार स्टेडिया (अंतराचे तेव्हाचे ग्रीक माप) धरले. चोखंदळ वाचक म्हणेल की मोबाइलच्या नकाशातील अंतर पृथ्वीचा आकार आधीच गृहीत धरून काढलेले असते, आणि ते खरे आहे. ज्याला हे खटकेल त्याने गाडीचा मीटर आणि रस्त्यांची वळणे यांच्याशी झुंजावे.

कोल्हापूरच्या मापात दोन मिलिमीटरची चूक झाली तरी उत्तर ३७ हजारांपासून ४३ हजारांपर्यंत कुठेही जाऊ शकते. त्यावर उपाय म्हणजे अधिक दूरचा सोबती. कोची नाशिकहून दहा अंश दक्षिणेला असल्याने तीच चूक तिथे दोन-अडीच टक्क्यांवर येते. मेअखेरीस केरळात ढग असण्याची शक्यता असल्यामुळे कोचीचे माप डिसेंबरात घ्यावे. दोन्हीकडचे कोन तेव्हा मोठे येतात, त्यांची वजाबाकी मात्र दहा अंशच राहते.