भाड्याच्या वाहनांवरील मर्यादेने अपघात घटतात का, हे कसे तपासावे

पर्यटनस्थळी भाड्याच्या वाहनांची संख्या मर्यादित केल्यावर अपघात कमी झाले, असे जाहीर करण्यापूर्वी अपघातग्रस्त वाहनांपैकी भाड्याची किती होती, हे पोलिसांच्या नोंदींतून वेगळे काढावे. हा वाटा मुळातच लहान असेल, तर मर्यादेचा परिणामही लहानच राहणार.

त्यानंतर निदान 3 वर्षे आधीची आणि 3 वर्षे नंतरची आकडेवारी, हंगामाशी हंगाम जुळवून, मर्यादा नसलेल्या शेजारच्या भागाशी ताडून पाहावी. ही तुलना टाळू नये, कारण निर्बंध बहुधा एखाद्या भीषण वर्षानंतरच येतात आणि तशा वर्षानंतर आकडे आपोआपही सरासरीकडे उतरतात. अपघात नुसते मोजू नयेत. दर हजार पर्यटकांमागे किंवा वाहनांनी कापलेल्या अंतरामागे मोजावेत. भाड्याची दुचाकी न मिळालेला पर्यटक टॅक्सीत बसला की विनापरवाना वाहन घेऊन निघाला, हेही शोधावे.

माझ्या मते संख्येपेक्षा वाहन हाती देण्याची पद्धत अधिक निर्णायक आहे. अनोळखी स्कूटर घेतलेला माणूस वळणावर, वाळू पसरलेल्या जागी, घाबरून पुढचा ब्रेक करकचून दाबतो आणि चाक निसटते. मर्यादेत बसणाऱ्या शेवटच्या स्कूटरवरही हेच घडू शकते. म्हणून परवान्याची तपासणी, मोकळ्या जागेत थोडा सराव आणि मापाचे हेल्मेट यांची सक्ती कधी सुरू झाली, याची तारीख स्वतंत्र नोंदवावी. हेल्मेटमुळे डोक्याला इजा होण्याचा धोका सुमारे 69 टक्क्यांनी घटतो. तो लाभ चुकून संख्यामर्यादेच्या खात्यावर जमा होता कामा नये.