मे महिन्यातच शोधा भाड्याच्या घरातली गळती

गोव्यात भाड्याच्या घरातली गळती शोधायची ती मे महिन्यात. जूनचा पाऊस एकदा लागला की भिंतीवरची प्रत्येक ओल ‘पावसाची’ ठरते आणि “चिऱ्याचं घर आहे, पाणी पिणारच” असं म्हणून मालक मोकळे होतात. ते अगदीच खोटं बोलतात असंही नाही. जांभा दगड सच्छिद्र, गिलावा तडकला की पाणी आत मुरतंच. पण भर उन्हाळ्यात, अंगणात धूळ उडत असताना, न्हाणीघराच्या मागची भिंत हाताला गार आणि दमट लागली, तर ते पाणी पाइपातलं. त्याच दिवशी फोटो काढून मालकांना पाठवा. पुढची निम्मी वादावादी वाचते.

सुरुवात मीटरपासून. नळाला पाणी येण्याच्या वेळी सम्पमध्ये (जमिनीखालच्या टाकीत) जाणारा कॉक बंद करायचा, थेट लाइनीवरचे नळही बंद करायचे आणि मीटरच्या काट्याकडे बघायचं. तरीही काटा फिरत असेल तर गळती मीटर आणि सम्पच्या मधे, बहुधा अंगणाच्या मातीत. मग वरची टाकी. रात्री सगळे नळ बंद झाले की काठी बुडवून पाण्याची खोली मोजा, पंप लावू नका, सकाळी कोणी नळ सोडायच्या आत पुन्हा मोजा. पाणी उतरलं असेल तर दुसऱ्या रात्री टाकीखालचा व्हॉल्व्ह बंद करून हेच करा. आता पातळी तशीच राहिली, तर दोष घरातल्या लाइनीत. तरीही उतरली, तर टाकीत किंवा तिच्या जोडात. एवढं सांगता आलं की प्लंबर उगाच टाइल फोडत बसत नाही.

लाइनीत दोष निघाला तर आधी फ्लशच्या टाकीवर संशय घ्या. तिच्यात थोडं कोकमाचं आगळ ओता (घरचं आगळ जिवावर येत असेल तर खायचा लाल रंग) आणि अर्ध्या तासाने, फ्लश न करता, भांड्यात बघा. लाली उतरली असेल तर आतलं रबर गेलं. नळाची टपटप कानाला जास्त टोचते, पण हिशेब वेगळा आहे: सेकंदाला एक थेंब, वीस थेंबांचा एक मिलिलिटर, म्हणजे दिवसाला चार लिटरच्या थोडं वर. बिल फुगवते ती फ्लशची मुकी धार.

मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे ते घरातल्या प्रत्येकाला माहीत हवं. तो फिरवून बघा, पण जुना लोखंडी असेल आणि हलत नसेल तर जोर लावू नका. दांडी तुटली तर बंद करायचा मार्गच जातो. तसं मालकांना कळवून तो बदलून घ्या. हणजूण-कोलव्यासारख्या किनाऱ्याजवळच्या घरांत जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपांना खारी हवा खाते, तेव्हा जोडांजवळचा गंज नीट बघा. गीझरच्या मागे किंवा स्विचबोर्डाच्या भिंतीत ओल दिसली तर मात्र बाकी सगळं सोडून, कोरड्या हाताने, एमसीबी (वीज तोडणारा मुख्य स्विच) पाडा.

खर्च कोणाचा, हे करारातच लिहून घ्या. भिंतीतली आणि जमिनीतली लाइन मालकाची, वॉशर आणि नळाची किरकोळ कामं भाडेकरूची, हा मला रास्त वाटणारा तोडगा. रीतसर भाडेपट्टा असेल आणि त्यात वेगळं काही ठरलेलं नसेल, तर मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ चं कलम १०८ कामाला येतं: मालकाने करायची दुरुस्ती कळवूनही वाजवी मुदतीत झाली नाही, तर भाडेकरू ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र ‘लीव्ह अँड लायसन्स’चा कागद म्हणजे भाडेपट्टा नव्हे, त्यामुळे तिथे हे कलम गृहीत न धरता अट लिहूनच घ्यावी. मालक मुंबईत किंवा परदेशात असतील आणि घर राखणदाराच्या भरवशावर असेल, तर त्यांना न विचारता किती रुपयांपर्यंतचं काम करून घ्यायचं तो आकडाही ठरवा.

घरात ठेवायचं सामान थोडकंच: स्लाइड पाना, टेफ्लॉन टेप, नळाच्या मापाचे वॉशर, जुन्या सायकल ट्यूबची पट्टी आणि ती आवळायला दोन क्लिपा. चिरलेल्या पाइपावर ट्यूब घट्ट गुंडाळली की प्लंबर येईपर्यंत निभावतं. वाहत्या पाण्यावर एम-सील (भेगा बुजवायची लुगदी) थापू नका, धरत नाही. गरम पाण्याच्या लाइनीला सीपीव्हीसीच (उष्णता सोसणारा प्लास्टिकचा पाइप) लागतो. तिथे कोणी साधा पांढरा पीव्हीसी जोडत असेल तर थांबवा, उष्णतेने तो मऊ पडतो.

आणि हे सगळं चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधी हातावेगळं करा, कारण त्या दिवसांत प्लंबर आपापल्या गावी माटोळी (गणपतीवर टांगायची फळाफुलांची चौकट) बांधत असतो आणि हार्डवेअरची दुकानंही बंद असतात.