नायलॉनच्या दोराचा स्प्लाइस (पेड दोरातच विणून केलेला लूप) ओढ बसली की सुटतो? माझा अनुभव

होडी बांधायचा 12 मिमीचा तीनपेडी नायलॉन दोर, टोकाला लूप विणला होता पण भरतीत ताण आला की पेड हळूहळू सरकून बाहेर यायचे. टेप गुंडाळून बघितली, फेविक्विक ओतलं, टोकं जाळून चिकटवली, काही उपयोग नाही, डोकंच फिरलं होतं.

मेख होती तिसऱ्या पेडात. आता असं करतो: टोकापासून फूटभरावर दोऱ्याने घट्ट बांधायचं, तिथपर्यंत पीळ सोडायचा, तिन्ही टोकांना टेप. लूप धरून मधला पेड आधी, दोराच्या एका पेडाखालून पिळाच्या आडवा घालायचा. मग डावा, त्याच पेडावरून जाऊन पुढच्या पेडाखालून. आता दोर उलटा करा आणि तिसरा उरलेल्या पेडाखालून उजवीकडून डावीकडेच घाला, इथे दिशा बदलली की सगळं बिघडतं. तिन्ही फटीतून एकेक पेड बाहेर आला पाहिजे, नसेल तर उसवा. प्रत्येक पेड ओढून बसवा, मग एकावरून-एकाखालून करत जा. काथ्याला तीन फेऱ्या चालतात, नायलॉन गुळगुळीत म्हणून किमान पाच. उरलेली टोकं थोडी ठेवून कापा आणि जाळा.

फिड (पेड उचलायचा टोकदार दांडा) विकत घ्यायची गरज नाही, बोथट स्क्रूड्रायव्हर पुरतो.