साके चाखताना आणि ताटाशी जुळवताना या चुका टाळा

साके म्हणजे तांदूळ आंबवून केलेलं जपानी मद्य. किमोतो पद्धतीची (ज्यात लॅक्टिक आम्ल आपोआप तयार होऊ देतात ती जुनी रीत) साके आधी फ्रिजमधून काढून ८ अंशांवर चाखा, मग तीच ४५ अंशांपर्यंत गरम करून चाखा. थंड असताना ती आंबट, जराशी कडवट आणि अंग चोरून बसल्यासारखी लागते. गरम झाली की तिच्यात भाताच्या पेजेचा गोडवा उमलतो आणि तोच आंबटपणा चवीला आधार देतो. बाटली तीच, पण चव ओळखू येत नाही. ‘मला साके आवडत नाही’ म्हणणाऱ्या बऱ्याच जणांच्या वाट्याला चुकीच्या तापमानाची, उन्हात राहिलेली किंवा भलत्याच पदार्थाशेजारची साके आलेली असते.

शॉटसारखी एका घोटात संपवणे

साके ही डिस्टिल करून काढलेली दारू नव्हे. जपानमध्ये तशी दारू वेगळी, तिला शोचू म्हणतात. साकेसाठी वाफवलेल्या तांदळावर कोजी ही बुरशी वाढवतात. कोजी पिठूळ भागाची साखर करते आणि त्याच टाकीत, त्याच वेळी, यीस्ट त्या साखरेचं अल्कोहोल करतं. त्यामुळे अल्कोहोल १८ ते २० टक्क्यांपर्यंत चढतं आणि बहुतेक वेळा पाणी घालून ते १५-१६ टक्क्यांवर आणतात. १८० मिलीच्या एका तोक्कुरीत (साके वाढण्याच्या अरुंद गळ्याच्या सुरईत) साधारण अर्धा लिटर बिअरइतकं अल्कोहोल असतं, पण ते मऊ लागत असल्याने अंदाज चुकतो. जितकी साके तितकंच पाणी सोबत प्या. जपानी माणसं या पाण्याला ‘यावारागी-मिझु’ म्हणतात आणि ते मागण्यात कुणालाही कमीपणा वाटत नाही.

आणखी एक गफलत दुकानात होते. ‘कुकिंग साके’ लिहिलेल्या स्वस्त बाटलीत सहसा दोन-तीन टक्के मीठ घातलेलं असतं. ती स्वयंपाकासाठी आहे, पिण्यासाठी नाही.

दाईगिंजो म्हणजे सर्वांत चांगली, असं धरून चालणे

गिंजो, दाईगिंजो, होंजोझो ही साकेच्या प्रकारांची नावं. साकेसाठी तांदूळ बाहेरून घासतात आणि लेबलवरचा घासणीचा टक्का म्हणजे घासल्यानंतर उरलेला दाणा. गिंजोसाठी तो ६० टक्के किंवा कमी, दाईगिंजोसाठी ५० किंवा कमी, होंजोझोसाठी ७० किंवा कमी असावा लागतो. दाण्याच्या बाहेरच्या थरात प्रथिनं आणि चरबी जास्त असते. ती काढली की सफरचंद, पेअर, केळं अशा फळांचे सुवास मोकळे होतात, पण उमामी (रश्शासारखी खोल, रुचकर चव) आणि भरीवपणा कमी होतो. म्हणजे दाईगिंजो नाजूक आणि सुगंधी असते. भाजलेल्या, सॉस लावलेल्या पदार्थाशेजारी ती हरवून जाते आणि पैसे वाया जातात. तिथे तिच्या निम्म्या किमतीची, जेमतेम ७० टक्क्यांपर्यंत घासलेली जुनमाई (वरून अल्कोहोल न घातलेली साके) कितीतरी सरस ठरते.

‘जुनमाई’ नसलेली बाटली भेसळीची, हाही गैरसमजच. गिंजो किंवा होंजोझोत घातलेलं अल्कोहोल तांदळाच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही. सुवासाचे घटक अल्कोहोलमध्ये विरघळतात. म्हणून मिश्रण गाळण्याआधी ते घातलं की सुवास चोथ्यात अडकण्याऐवजी साकेत उतरतो आणि शेवट हलका, स्वच्छ होतो.

लेबलवरच्या निहोनशु-दो या आकड्यालाही एकट्याने विचारू नये. अधिक चिन्ह म्हणजे कोरडी, उणे म्हणजे गोड, इतपत खरं आहे. पण उणे ३ असून आम्लता २.० असेल, तर ती अधिक २ आणि आम्लता १.० असलेल्या साकेपेक्षा कमी गोड वाटू शकते. दोन्ही आकडे शेजारी ठेवून वाचा.

सगळ्या बाटल्या बर्फगार, किंवा सगळ्या उकळत्या

सर्वांत जास्त नुकसान इथे होतं. जपानीत ५ अंशांपासून ५५ अंशांपर्यंतच्या तापमानांना वेगवेगळी नावं आहेत: ५ ला युकिबिए म्हणजे बर्फाचा गारवा, १० ला हानाबिए म्हणजे फुलांच्या दिवसांतला गारवा, ४० ला नुरुकान, ४५ ला जोकान, ५० ला आत्सुकान.

गिंजो आणि दाईगिंजो १० ते १५ अंशांवर घ्या. ५ वर सुवास मिटतो, ५० वर तो उडून जातो आणि मागे कडवटपणा राहतो. जुनमाई, किमोतो आणि तिच्याच जवळची यामाहाई ४० ते ५० वर खुलतात. होंजोझो दोन्हीकडे चालते. काय करावं हे कळत नसेल, तर बाटली १५ अंशांवर उघडा आणि पेल्यात हळूहळू कोमट होऊ द्या. कुठल्या अंशाला ती बोलकी होते ते जिभेला आपोआप कळतं.

गरम करण्याची रीत अशी. पाण्याला उकळी आणा, गॅस बंद करा, पाणी ८० अंशांच्या आसपास येऊ द्या. तोक्कुरी गळ्यापर्यंत भरा, काठोकाठ नको, कारण तापल्यावर साके फुगून वर चढते. तोंडावर प्लास्टिकची फिल्म लावा म्हणजे सुवास निसटत नाही. मग तोक्कुरी खांद्यापर्यंत पाण्यात बुडवा. दोन ते तीन मिनिटांत गळ्यातली पातळी वर सरकलेली दिसेल. बाहेर काढून तळाला बोट लावा. तळ चांगला ऊन लागला की थांबा. सुरुवातीला थर्मामीटर वापरा, लाज वाटून घेऊ नका. पाणी उकळत ठेवून त्यातच तोक्कुरी सोडली, तर साके ६० अंशांच्या पुढे जाते आणि नाकात अल्कोहोलचा भपकारा बसतो.

मायक्रोवेव्हमध्ये अरुंद गळ्यातली साके आधी तापते आणि तळाची कोमटच राहते. तोच मार्ग असेल, तर रुंद तोंडाच्या भांड्यात, २०-२० सेकंदांनी, मध्ये ढवळत गरम करा.

चाखण्याच्या पेल्यात आणि पद्धतीत होणारी चूक

लाकडी मासु (चौकोनी पेला) दिसतो देखणा, पण त्याच्या लाकडाचा वास साकेच्या सुवासावर बसतो. चाखण्यासाठी किकिचोको हा पांढरा चिनी मातीचा पेला असतो, त्याच्या तळाला दोन निळी वर्तुळं. पांढऱ्यावर रंगाची छटा दिसते. निळ्या-पांढऱ्याची कड धूसर दिसली तर साके गढूळ आहे. निगोरी मुद्दाम गढूळ ठेवलेली असते, तिला हा नियम लागू नाही. घरी लहान वाइन ग्लासही उत्तम.

आधी न हलवता हुंगा. मग चमचाभर, सुमारे ५ मिली, तोंडात घ्या, जिभेच्या सगळ्या बाजूंना पोहोचवा आणि ओठांतून थोडी हवा आत ओढून नाकाने सोडा. तोंडात उघडणारा सुवास आणि शेवट किती झटकन मिटतो, या दोन गोष्टी टिपा. बऱ्याच बाटल्या चाखायच्या तर थुंका, आणि हलक्याकडून भारीकडे, थंडकडून गरमकडे जा. परफ्यूम लावून किंवा नुकतीच कॉफी पिऊन बसू नका.

ताटाशी जुळवताना

‘सुशी आहे, मग कोणतीही साके चालेल’ हे अर्धंच खरं. माशांशी साकेचं जमतं त्याला ठोस कारण आहे. वाइनमधलं लोह माशाच्या चरबीशी मिळून तोंडात उग्र, शिळट वास उठवू शकतं. साके करणारे मात्र लोहाला घाबरून असतात, कारण त्याने साके तांबूस होते आणि चव बिघडते. पाण्यात लिटरला ०.०२ मिलिग्रॅमपेक्षा जास्त लोह ते चालवून घेत नाहीत. म्हणून कालवं किंवा माशाची अंडी खाल्ल्यावर साकेचा घोट घेतला, तर समुद्राची चव स्वच्छ राहते.

पण मासा बदलला की साके बदला. ताई किंवा हिरामेसारख्या पांढऱ्या माशाच्या साशिमीला (कच्च्या कापांना) मीठ आणि लिंबूवर्गीय रसाचे दोन थेंब असतील, तर थंड गिंजो घ्या. त्याच माशाला सोया सॉसमध्ये बुडवलंत की गिंजो फिकी पडते, तिथे जुनमाई हवी. साबा हा आपल्या बांगड्याच्याच कुळातला तेलकट मासा. तो मिसोत (आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्यात) शिजवला असेल तर ४५ अंशांची यामाहाई घ्या. तिच्या आंबटपणाने तोंडातलं तेल सुटतं आणि उमामी मिसोशी हात मिळवते. सॉस लावलेली याकितोरी (काडीवर भाजलेलं चिकन) आणि ओदेन (रश्शात शिजवलेले जिन्नस) यांनाही हीच. मीठ लावून खायच्या तेंपुराला, थंड तोफूला किंवा सोबा नूडल्सना हलकी होंजोझो पुरे. जुनं चीज आणि किमोतो ही जोडी एकदा तरी करून पाहाच. दोन्हीत लॅक्टिक आम्ल आहे आणि ते लगेच जाणवतं.

तिखटाशी सांभाळून. मिरचीची आग अल्कोहोलने भडकते, त्यामुळे झणझणीत मालवणी रश्शाशेजारी कोरडी, १८ टक्क्यांची गेंशु (पाणी न घातलेली साके) टोचेल. तिथे गोडसर, कमी अल्कोहोलची, थंड निगोरी बरी. निगोरी उघडण्याआधी हलकेच उलटी-सुलटी करा, पण फसफसणारी असेल तर मुळीच हलवू नका. झाकण जरासं सैल करा, फेस वर आला की पुन्हा घट्ट करा, असं चार-पाच वेळा केल्यावरच उघडा.

बाटली शोभेच्या कपाटात ठेवणे

उजेड आणि उष्णता साकेचे शत्रू आहेत. पारदर्शक बाटली खिडकीत राहिली, तर काही तासांतही जळकट वास येऊ शकतो. मुंबई-नागपूरच्या उन्हाळ्यात खोलीत ठेवलेली साके पिवळट होते आणि तिला शिळ्या लोणच्यासारखा वास धरतो. नामा म्हणजे न तापवलेली साके. तिच्यात कोजीचे विकर अजून काम करत असतात, म्हणून ती दुकानापासून घरापर्यंत ५ अंशांच्या खालीच हवी. दुकानात ती फ्रिजबाहेर मांडलेली दिसली तर घेऊ नका. इतर साके अंधारात, थंड जागी, उभी ठेवा. आडवी ठेवली की झाकणाला लागते आणि हवेशी जास्त संबंध येतो. बाटलीत भरल्यापासून वर्षभरात संपवलेली बरी.

उघडल्यावर फ्रिजमध्ये. नामा आणि गिंजो आठवड्यात संपवा, जुनमाई दोन-तीन आठवडे टिकते. सुवास गेला, पण खराब झाली नसेल, तर अर्धा किलो तिसऱ्या स्वच्छ करून कढईत टाका, १०० मिली साके ओता, झाकण ठेवून मोठ्या आचेवर शिंपले उघडेपर्यंत वाफवा. न उघडलेले काढून टाका. मीठ चाखूनच घाला, तिसऱ्यांच्या पाण्यात ते आधीच असतं.