फोन शांत ठेवा, पण घरचा फोन चुकवू नका: ‘डू नॉट डिस्टर्ब’च्या या चुका टाळा

फोंड्याच्या राजीव गांधी कलामंदिरात नाटकाला बसण्यापूर्वी मी फोनवर ‘डू नॉट डिस्टर्ब’ (येणारे फोन व सूचना वाजू न देणारी सोय) लावले आणि नाटक सुटल्यावर ते काढायला विसरलो. दुसऱ्या दिवशी सकाळी सत्तरीतल्या माझ्या मावशीचा पाय न्हाणीघरात घसरला. पावसामुळे रात्रीपासून वीज गेली होती आणि तिचा फोन चार्जिंगअभावी बंद पडला होता, म्हणून शेजारच्या काकांनी स्वतःच्या फोनवरून मला ९ वाजून ५० मिनिटांनी फोन केला आणि मी उचलत नाही असे पाहून वीस मिनिटांनी पुन्हा केला. दोन्ही वेळा फोन माझ्यासमोर टेबलावर पालथा पडला होता आणि दोन्ही वेळा तो वाजला नाही. मावशीला मुका मार लागण्यावर निभावले, पण त्यानंतर मी ही सगळी सेटिंग्ज एकेक करून तपासली, तेव्हा माझ्या हातून एक नव्हे, तीन चुका झाल्या होत्या असे लक्षात आले.

पहिली चूक मुदतीची. ॲन्ड्रॉइडच्या मराठी मेनूत ‘व्यत्यय आणू नका’ या नावाने दिसणारी ही सोय वरच्या पट्टीतून नुसती दाबली, तर बहुतेक फोनवर ती आपण स्वतः बंद करीपर्यंत चालूच राहते. तेच बटण दाबून धरले किंवा सेटिंगमध्ये शिरले, तर एक तास, दोन तास अशी मुदत ठरवता येते. आयफोनवरही एक तासासाठी, संध्याकाळपर्यंत किंवा आपण ते ठिकाण सोडीपर्यंत असे पर्याय मिळतात. नाटक, भजन, देवळातली आरती, दवाखान्यातली भेट अशा ठरावीक वेळेच्या प्रसंगी नेहमी मुदत घालूनच ही सोय वापरावी.

दुसरी चूक अपवादांच्या यादीची होती, आणि माझ्या मते सर्वांत जास्त नुकसान हीच चूक करते. मी मावशीच्या नंबराला तारांकित केले होते, म्हणजे संपर्कयादीत तिच्या नोंदीवर ताऱ्याची खूण केली होती, व तारांकित संपर्कांचे फोन वाजू द्यावेत असेही सांगून ठेवले होते, पण अडचणीच्या वेळी माणूस स्वतःच्याच फोनवरून बोलेल हे मी गृहीत धरले होते. वयस्कर माणूस एकटे राहत असेल, तर त्याच्याबरोबर शेजारी, घरी येणारी कामवाली बाई आणि जवळचा दुकानदार यांचेही नंबर यादीत हवेत. ज्यांचे नातेवाईक जहाजावर किंवा आखातात नोकरीला आहेत, अशा गोव्यातल्या असंख्य घरांना आणखी एक काळजी घ्यावी लागते. बंदरात उतरल्यावर घेतलेल्या नव्या सिमचा नंबर कोणाच्याच यादीत नसतो, आणि आयफोनवर अनोळखी नंबर शांत ठेवण्याची सोय चालू असेल तर तो फोन कधी येऊन गेला हेही वेळेवर कळत नाही. अशीच सोय व्हॉट्सॲपमध्येही २०२३ पासून आहे, त्यामुळे दोन्ही ठिकाणी पाहणे आवश्यक आहे. एकाच माणसाची दोन-तीन वेळा जतन झालेली नोंद हीदेखील तपासावी, कारण पुष्कळदा तारा जुन्या, बंद झालेल्या नंबराच्या नोंदीवर असतो.

तिसरी चूक म्हणजे दुसऱ्या हाकेवर ठेवलेला आंधळा भरवसा. एकाच नंबरावरून लागोपाठ दुसऱ्यांदा फोन आला तर तो वाजू द्यावा, अशी सोय दोन्हीकडे आहे. मात्र ॲन्ड्रॉइडवर तो दुसरा फोन पंधरा मिनिटांच्या आत आणि आयफोनवर तीन मिनिटांच्या आत यावा लागतो. काकांनी वीस मिनिटे वाट पाहिली, ती त्यांच्या सभ्यपणामुळे, आणि माझ्या फोनच्या हिशेबी तो पुन्हा पहिलाच फोन ठरला. म्हणून घरच्यांना स्पष्ट सांगून ठेवावे, की तातडी असेल तर फोन ठेवल्या ठेवल्या पुन्हा लावा. आयफोनवर याहून खात्रीचा उपाय आहे: संपर्काच्या रिंगटोनच्या पानावर ‘इमर्जन्सी बायपास’ चालू केले, की त्या माणसाचा फोन मूक बटण आणि फोकस (आयफोनवर ‘डू नॉट डिस्टर्ब’ ज्या गटात मोडते ती सोय) या दोहोंना ओलांडून वाजतो.

रोज रात्री आपोआप लागणाऱ्या वेळापत्रकाविषयीही थोडे सांगितले पाहिजे. दुबईची वेळ आपल्यापेक्षा दीड तासाने मागे आहे. तिकडून मुलगा रात्री सव्वानऊला, जेवणखाण आटोपून, फोन करतो तेव्हा इकडे पावणेअकरा झालेले असतात आणि साडेदहाचे वेळापत्रक लावलेल्या आईचा फोन गप्प बसतो. अशा वेळी वेळापत्रक मोडण्यापेक्षा मुलाचे नाव अपवादात घालणे बरे. मध्यरात्र ओलांडणाऱ्या वेळापत्रकात वार सुरुवातीच्या दिवसाचा धरला जातो. रविवारी पहाटे शांतता हवी असेल तर खूण शनिवारवर करावी लागते. ॲन्ड्रॉइडवर अपवादांत गजर बंद केलेला असेल तर सकाळचा गजरही वाजत नाही, तेव्हा ती एक ओळ अवश्य पाहावी. आयफोनच्या घड्याळातला गजर मात्र फोकस चालू असतानाही वाजतो.

कधी कधी आपण काहीही न लावता फोन मुका होतो. आयफोनवरील फोकस एकाच खात्यावरील सर्व उपकरणांवर एकदम लागण्याची सोय चालू असेल, तर मुलाने आयपॅडवर अभ्यासासाठी लावलेला फोकस आईच्या फोनवरही लागतो. वाहन चालवतानाचा फोकस ‘आपोआप’वर ठेवलेला असेल, तर तो गती पाहून सुरू होत असल्याने फोंडा-पणजी कदंब बसमध्ये नुसते बसलेल्या प्रवाशाच्या फोनवरही लागू शकतो. ॲन्ड्रॉइडवर ‘बेडटाइम मोड’ आणि ज्या ॲपला ही सोय हाताळण्याची परवानगी दिलेली आहे ती ॲप, ही दोन ठिकाणे पाहावीत.

आता उपलब्धतेच्या खुणेकडे वळतो, कारण येथे वेगळाच घोळ होतो. आपला फोन शांत करणे ही आपल्या बाजूची गोष्ट आहे, तर आपण उपलब्ध आहोत की नाही हे समोरच्याला सांगणे ही त्याच्या बाजूची. एक केल्याने दुसरी आपोआप होईलच असे नाही. फोनवर ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावून आपण व्हॉट्सॲप उघडले तर ‘ऑनलाइन’ दिसतोच, आणि उत्तर मिळत नसल्याने समोरचा माणूस मनाला लावून घेतो. ‘लास्ट सीन’ आणि ‘ऑनलाइन’ लपवता येते, पण मग आपल्यालाही इतरांचे दिसत नाही. उलट दिशेने, कार्यालयात टीम्स हे संदेश व बैठकांचे ॲप वापरणारे अनेक जण ‘बिझी’ लावून निश्चिंत होतात. त्या खुणेने सूचना थांबत नाहीत, त्यासाठी तेथेही ‘डू नॉट डिस्टर्ब’च निवडावे लागते. स्लॅक या तशाच ॲपमध्येसुद्धा ‘जेवायला गेलो आहे’ असे लिहिणे आणि सूचना थांबवणे ही दोन वेगळी कामे आहेत. हाताने लावलेल्या खुणेलाही मुदत घालावी, कारण चवथीच्या सुट्टीची खूण सुट्टी संपून आठवडा झाला तरी तशीच राहिलेली मी पाहिली आहे आणि तोवर सहकारी त्या माणसाला टाळून पुढे गेलेले असतात.

जाहिरातींच्या फोनना कंटाळून रात्रंदिवस ही सोय चालू ठेवणाऱ्यांना एक विनंती आहे. त्यासाठीची ‘डीएनडी’ (‘डू नॉट डिस्टर्ब’चेच लघुरूप) नोंदणी निराळी असून ती ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेच्या नियमांनुसार १९०९ या क्रमांकावर होते. ‘स्टार्ट’ हा शब्द आणि पुढे शून्याचा आकडा इंग्रजीत लिहून १९०९ वर संदेश पाठवला की जाहिरातींचे सर्व प्रकार नाकारता येतात, तर बँकेचे व्यवहारासंबंधीचे संदेश येत राहतात. ही नोंदणी केल्यावर फोनला दिवसभर मुका ठेवण्याचे कारण बरेचसे उरत नाही.

सेटिंग बदलल्यावर ते चालते का, हे करून पाहावे. फोन लॉक करून बाजूला ठेवावा, अपवादातील एका नंबरावरून व अपवादाबाहेरील एका नंबरावरून घरच्या माणसाला फोन लावायला सांगावे, नंतर लगेच दुसऱ्यांदा लावून पाहावे आणि हेच व्हॉट्सॲपच्या कॉलने पुन्हा करावे, कारण ॲपवरून येणारे कॉल सर्वच फोनवर साध्या कॉलसारखे हाताळले जातात असे नाही. गेल्या चवथीला मावशीच्या ओसरीवर बसून मी ही चाचणी घेतली. मावशीचा फोन वाजला, शेजारच्या काकांचा वाजला, काकूंचा मात्र वाजला नाही. त्यांचा नंबर त्याच वेळी तारांकित करून घेतला.